बंद दारावरचा कागद

आमच्या सरपंचांबद्दल सांगायचं तर आधी त्यांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. सरपंच होण्याआधी ते वजनकाटे दुरुस्त करायचे. किराणावाल्यांचे, गोदामवाल्यांचे, सोनाराचासुद्धा. बाजारात त्यांची आठ बाय सहाची टपरी होती, आत शिरलं की तेलाचा आणि पितळेचा वास यायचा. कुणी हळूच म्हणालं, "जरा आमच्या बाजूला झुकता ठेवा की, कुणाला कळतंय," तर ते काटा तसाच परत करायचे आणि वर त्या माणसाशी महिनाभर बोलायचे नाहीत. गावाने त्यांचं नाव 'काटेवाले' ठेवलं. पुढे सरपंच झाले तरी ते नाव काही सुटलं नाही.

मी कचेरीत लेखनिक. एकतीस वर्षांत चार सरपंच पाहिले. एक झोपायचा, एक खायचा, एकाची सही दर वेळी वेगळी यायची. काटेवाले चौथे. त्यांच्यावर माझा जेवढा जीव आहे तेवढाच रागही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई एका बाजूने बोलतात असं नंतर कुणी म्हणायला नको.

ते निवडून आले तेव्हा गावात एकतीस घरांना कुलूप होतं. माणसं कामासाठी शहरात गेलेली, काही परदेशात. शाळेत एकोणीस मुलं उरली होती. चार बसगाड्यांच्या दोन झाल्या होत्या आणि त्यातली एक यायची की नाही ते ड्रायव्हरच्या मूडवर. घरपट्टी भरणारी माणसं कमी झाली, म्हणून उरलेल्यांवर ती वाढवायची, म्हणून आणखी चार जण निघून जायचे. हे चक्र मी रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं लिहीत होते आणि कुणालाच काही सुचत नव्हतं.

काटेवाल्यांना सुचलं. त्यांनी गावसभेत ठराव मांडला. जे घर वर्षभर बंद राहील त्याला दुप्पट पट्टी. तीन वर्षं पट्टी भरली नाही तर घर गावाचं. आणि गाव ते घर नाममात्र भाड्याने अशा माणसाला देईल, जो तिथे धंदा काढून गावातल्या लोकांना काम देईल. लोकांनी त्या कराचं लगेच बारसं केलं, 'कुलूपपट्टी'. शिव्याही दिल्या, पण ठराव पास झाला.

आता आमच्या गावची एक जुनी पद्धत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आमच्याकडे कराची नोटीस टपालाने जात नाही. लेखनिकाने कागद घेऊन जायचं आणि घराच्या दारावर चिकटवायचा. चिकटवला की पोचला. माझ्या आधीच्या लेखनिकाने हेच केलं, त्याच्या आधीच्यानेही. घरात माणसं राहत होती तोवर ते बरोबरच होतं. सकाळी दार उघडलं की कागद दिसायचा. पण कुलूपपट्टीच्या नोटिसा मी कुलूपबंद दारांवर चिकटवत फिरले. आत कुणी राहत नाही म्हणून मालकाला दंड, आणि त्याची खबर बाहेरून दारावर! कचेरीत शेगडीवर पिठाची खळ शिजवायची, डबा हातात घ्यायचा आणि निघायचं. तीन वर्षं हे केलं. एकदाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सरपंचांच्याही नाही, आणि गावातल्या दीडशहाण्यांपैकी कुणाच्याही नाही.

न पडण्याचं कारण असं की पद्धत चालत होती. प्रत्येक बंद घराच्या मालकाचं कुणी ना कुणी गावात होतं. चुलतभाऊ, मेहुणी, जुना शेजारी. कागद दिसला की तो फोन करायचा, "अरे, तुझ्या दारावर नोटीस लागलीय, बघ काय ते." मग कुणी पैसे पाठवायचा, कुणी घर भाड्याने द्यायचा, दोघे तर चक्क परत राहायला आले. चौघांनी मात्र कळूनही लक्ष दिलं नाही.

एकाच घराच्या मालकिणीला फोन गेला नाही. खालच्या आळीतलं दोन खोल्यांचं घर, निळ्या दाराचं. ते सरपंचांच्या ताईचं होतं.

आई गेली तेव्हा सरपंच चार वर्षांचे होते आणि ताई बारा वर्षांची. वडील असून नसल्यासारखे. ताईनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं, हातात पहिला पाना दिला. ते कामाला लागल्यावर ती शहरात गेली, मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एक पोर वाढवलं, पुरे झालं." पगारातून वाचवून तिने ते घर बांधलं. दरवर्षी आठ दिवस यायची, भिंती पुसायची, जायची. पुढे गुडघे दुखायला लागले आणि तेही थांबलं. पण दर रविवारी बहीणभावाचा फोन असायचा. ताई म्हणायची, "निवृत्त झाले की येते रे कायमची." असं सगळेच म्हणतात. सरपंचांनीही ते तसंच ऐकलं असणार.

पहिल्या वर्षी तिच्या दारावर कागद लावून आले तेव्हा मी सरपंचांना म्हटलं, "ताईंना फोनवर सांगा म्हणजे झालं."

ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "बाई, मी सरपंच आहे. इतरांना मी फोन करतो का?"

"इतरांचे नातेवाईक करतात. तुम्हीपण नातेवाईकच ना?"

"माझ्या माणसाला मी आधी सांगितलं की झाली ती सवलत. उद्या आपला विरोधक, तो पेट्रोलपंपवाला, गावभर करेल. कागद लागलाय. सगळ्यांना जे, ते तिला."

मी आणखी बोलायला हवं होतं. एरवी माझं तोंड कुणाला आवरत नाही. त्या दिवशी मात्र मी खळीचा डबा धुवायला गेले.

त्यांनी स्वतः तिची पट्टी भरली असती तरी चाललं असतं. तेही केलं नाही, कारण सरपंचाने बहिणीची पट्टी भरली असं बोललं गेलं असतं. दर रविवारी ते तिच्याशी बोलत राहिले. गुडघे कसे आहेत, तेल लावतेस का, थंडी आहे का तिकडे. तीन वर्षांत दीडशेच्या वर रविवार येतात. मी हिशेब मांडत नाही, पण मनातून जात नाही.

तीन वर्षं भरली तेव्हा यादीत पाच घरं होती. त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं, "सुरुवात माझ्या बहिणीच्या घरापासून करा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. असा माणूस कुठे मिळतो, असं शेजारच्या बाईला म्हणालेसुद्धा. कुलूप तोडलं, ताईचं सामान दोन पोत्यांत भरून सरपंचांच्या माळ्यावर गेलं, मधली भिंत पाडली आणि तिथे पिशव्या शिवायचा छोटा कारखाना आला. बारा शिलाई मशीन, बारा बायका. त्यातली एक माझी सून. तिचा पहिला पगार आला त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कुणी कुणावर ओरडलं नाही. म्हणजे मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

पाच वर्षं संपत आली. एकूण दोन कारखाने झाले, एक बस वाढली, आणि गावात राहणाऱ्यांची घरपट्टी पहिल्यांदाच थोडी खाली आली. सरपंच पुन्हा उभे राहिले. समोर पेट्रोलपंपवाला. त्याचं म्हणणं सरळ होतं, कुलूपपट्टी रद्द, बाकी कर निम्मे. निम्म्या करात रस्त्यावरचे दिवे कसे लागणार हे कुणी विचारलं की तो हसायचा आणि पाठीवर थाप मारायचा. सरपंच मात्र प्रत्येक घरी बसून आकडे समजावत होते, समोरच्याला जांभया येईपर्यंत. लढत अटीतटीची होती. या माणसाला ही निवडणूक जिवापाड हवी होती. तिसरा कारखाना येऊ घातला होता, चाळीस जणांना काम मिळणार होतं, आणि पेट्रोलपंपवाला आला असता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. हे मला आजही खरं वाटतं.

मतदानाला पाच दिवस असताना दुपारच्या बसने ताई आली.

मी सुनेला जेवणाचा डबा द्यायला कारखान्यात गेले होते. दारात बघते तर पत्र्याची ट्रंक, वर गुंडाळलेली गादी, आणि शेजारी ताई. इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले, हातात किल्ली. निवृत्त होऊन आली होती. रविवारी फोनवर मुद्दामच सांगितलं नव्हतं, भावाला दारात उभं राहून चकित करायचं म्हणून.

मशीन एकेक करत थांबली. ताईने आत पाऊल टाकलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि जिथे पूर्वी ओटा होता त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथे आता कापडाचे गठ्ठे होते.

"माझं घर हेच ना?" तिने मला विचारलं. खरंच विचारलं, जणू आळी चुकली असावी.

मी तिला सगळं सांगितलं. कुलूपपट्टी, नोटिसा, तीन वर्षं, ठराव. ताई एका गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "दारावर लावला होतात कागद?" मी मान हलवली. "आणि मी तिकडे," ती म्हणाली. मग बायकांकडे वळून, "तुम्ही का थांबलात? करा की काम. पगार कापतील उगाच."

सरपंच धावतपळत आले. प्रचारातूनच आले होते, बगलेत पत्रकांचा गठ्ठा.

"ताई! अगं, कळवायचंस तरी!"

"तूही कळवायचंस की," ताई म्हणाली.

एवढंच. ती ओरडली नाही, रडली नाही. सरपंचांनी तिची ट्रंक उचलली आणि स्वतःच्या घरी नेली. रस्त्याने सगळं गाव बघत होतं.

अशी गोष्ट पेट्रोलपंपवाल्याच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो दोन माणसं घेऊन सरपंचांच्या घरी हजर. सरपंच आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. मी मतदारयादी घेऊन गेले होते, मीही आतच. तो ताईला फार गोडीत म्हणाला, "आत्या, उद्या बाजारात आमची सभा आहे. तुम्ही फक्त काय झालं ते सांगा. सख्ख्या बहिणीचं घर या माणसाने तिला न सांगता घेतलं. आम्ही निवडून आलो की पहिल्या दिवशी घर तुमच्या ताब्यात. लिहून देतो."

खोटं बोलत नव्हता तो. त्याने दिलंही असतं. तिने फक्त उभं राहून खरं बोलायचं होतं.

ताई म्हणाली, "घर मीच दिलंय. बायकांना काम मिळावं म्हणून पट्टी मुद्दामच भरली नाही. भावाला मीच सांगितलं होतं. चहा घेता का?"

त्याने चहा घेतला नाही. तो गेल्यावर सरपंच बाहेर आले. ताई दार लोटत म्हणाली, "त्याला घालवायला बोलले मी. परक्या माणसापुढे घरातलं कशाला? पुढचं तू बघ." तिच्या आवाजात राग नव्हता. मला तेव्हा बरं वाटलं होतं, की चला, मिटलं.

मिटलं नव्हतं. ताईने ट्रंक उघडली नव्हती. वहिनी म्हणजे सरपंचांच्या पत्नी मला म्हणाल्या, "रोजचे कपडे पिशवीतून काढतात, ट्रंकेला हात लावत नाहीत. रोज संध्याकाळी हे आले की यांच्या तोंडाकडे बघतात."

ती वाट बघत होती. मला आता कळतं. 'पुढचं तू बघ' म्हणजे तू खरं सांग, असं तिला म्हणायचं होतं. लहानपणी काच फोडली तरी घरी येऊन आधी सांगायचा तो मुलगा तिला माहीत होता. त्याने गावसभेपुढे उभं राहून म्हणायचं, नोटीस पोचली नाही, चूक माझी, हे घर परत करा, कारखान्याला दुसरी जागा देऊ. यादीतली बाकीची घरं होतीच, जागेची अडचण नव्हती. फक्त निवडणूक गेली असती.

शेवटची सभा शाळेच्या मैदानावर झाली. आमचे कार्यकर्ते आदल्या दिवसापासून सांगत सुटले होते, सरपंचांच्या बहिणीने स्वतःचं घर गावाला दिलं, हा त्याग बघा. सरपंचांनी स्वतः त्यातला एक शब्द उच्चारला नव्हता. सभेत ते आकडे सांगत होते, दिव्यांचे, बसचे, पगारांचे. तेवढ्यात मागून पेट्रोलपंपवाल्याचा एक माणूस ओरडला, "ते राहू द्या! बहिणीने घर दिलं की तुम्ही घेतलं? एकच सांगा!"

मी मंचाच्या बाजूला वही घेऊन बसले होते. सरपंचांनी माईकची दांडी घट्ट धरली. माझ्याकडे पाहिलं, मग खाली. मी मनात म्हणत होते, हो म्हणा. लपवून काय करू, माझ्या सुनेचा पगार माझ्या डोळ्यांसमोर होता.

"दिलं," ते म्हणाले. "तिने दिलं."

टाळ्या खूप वाजल्या. मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ ताई उभी होती. वहिनींबरोबर आली होती. तिने पदर खांद्यावर नीट घेतला आणि घराकडे चालायला लागली.

अठ्ठावन्न मतांनी निवडून आले. निकालाच्या दिवशी लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, मिरवलं, घरी आणून सोडलं. ताई पहाटेच्या बसने गेली होती. ट्रंक, गादी, सगळं घेऊन. माळ्यावरची दोन पोती मात्र तशीच होती. वहिनींना सांगून गेली होती, त्यातलं कुणाच्या उपयोगाचं असेल तर देऊन टाका.

दुसऱ्या दिवशी सरपंच कचेरीत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. "बाई, ठराव लिहा. घर परत करायचं."

"काय कारण लिहू?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला.

"तिने दिलं असं तुम्ही चारशे माणसांसमोर बोललात," मी म्हटलं. मला थांबता आलं असतं, पण मी थांबले नाही. "दिलेलं घर परत कसं करायचं? आणि दिलं नव्हतं असं लिहायचं तर निवडणूक कशावर जिंकलात ते पण लिहावं लागेल."

ते खुर्चीत बसले आणि पेपरवेट फिरवत राहिले. मी बोलले ते खरं होतं आणि दुष्टपणाचं होतं. स्वतःवरचा राग मी त्यांच्यावर काढत होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं शहरात गेलो. मला का नेलं ते त्यांनी सांगितलं नाही. एकट्याने जायची हिंमत झाली नसावी. धुलाईघर इस्पितळाच्या तळघरात होतं. आत वाफ, साबणाचा उग्र वास, आणि गरम रुळांमधून सरकत येणाऱ्या पांढऱ्या चादरी. ताईला तिच्या जुन्या मुकादमाने रोजंदारीवर परत घेतलं होतं. झोपायला सोबत काम करणाऱ्या एका बाईच्या खोलीत जागा. ती चादरींच्या घड्या घालत होती.

"आलास?" ती म्हणाली. "जेवलास का?"

सरपंच म्हणाले, "ताई, चल घरी."

"कुठल्या?"

सरपंच एकदम बांध फुटल्यासारखे बोलत सुटले. की तिसरा कारखाना येतोय, चाळीस माणसं, की ते हरले असते तर सगळं बुडालं असतं, की ते नवीन घर बांधून देतील, अगदी त्याच मापाचं, स्वतःच्या पैशाने. ताई ऐकत होती. हात चालूच होते.

"घराचं नाही रे काही," ती म्हणाली. "दोन खोल्या होत्या. तू माझ्याकडे येऊन म्हणाला असतास, ताई, मला हे घर दे, तर मी दिलं असतं. कधीही. फोनवर दिलं असतं."

सरपंचांनी तोंडावर हात धरला. बाजूच्या बायका बघायला लागल्या तशी ताईने एक चादर झटकली आणि तिची दोन टोकं त्यांच्या पुढे केली. "धर. नुसता उभा राहू नकोस, इथे कामाची वेळ आहे."

त्यांनी टोकं धरली. दोघं समोरासमोर, मधे चादर. तिने कोपरा कोपऱ्याला आणला, ते पुढे आले, तिच्या हातात टोकं दिली, मागे गेले, दुसरी चादर घेतली. असं तासभर चाललं असेल. मधेच एकदा तिने त्यांचा वाकडा कोपरा सरळ केला. पाळी संपल्याची घंटा झाली तेव्हा ढीग कमरेइतका झाला होता. ताई म्हणाली, "जा आता, बस चुकेल. त्या बायकांचे पगार थकवू नका." आणि हात धुवायला गेली. वळून बघेल म्हणून आम्ही थोडं थांबलो.

बसमध्ये सरपंच खिडकीशी बसले आणि गाडी शहराबाहेर पडली तसे रडायला लागले. बावन्न वर्षांचा माणूस, नुकताच निवडून आलेला, हुंदके देऊन रडत होता. पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो यांचं?"

"गेलं नाही कुणी," मी म्हटलं. "बहिणीला भेटून आलोय."

त्या बाईंना काही कळलं नाही, आणि मलाही त्यांना नीट सांगता आलं नाही.